गाय व्याली, पण पुन्हा राहीना: गर्भाशयातली प्रतिकारशक्ती आणि गाभण राहण्याचं गणित

गाय दोनदा भरवली आणि दोन्ही वेळा उलटली, की गावात पहिला दोष रेतन करणाऱ्यावर जातो. दुसरा जातो कांडीवर, "बी खराब होतं" म्हणून. तिसऱ्यांदा उलटली की मग गाईवरच ठपका येतो आणि बाजाराची भाषा सुरू होते. कांडी खराब असू शकते, रेतन चुकीच्या वेळेला झालेलं असू शकतं, हे खरं. पण पुष्कळ गाईंच्या बाबतीत खरी गडबड त्याच्या दोन-तीन महिने आधीच होऊन गेलेली असते. व्यायच्या आधीचे तीन आठवडे आणि व्याल्यानंतरचे तीन आठवडे, या दीड महिन्यात गाईच्या गर्भाशयात जे घडतं, त्यावर ती पुढे कधी माजावर येणार आणि गाभण राहणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरतं. आणि तिथे सगळा कारभार चालतो तो प्रतिकारशक्तीचा. ती कशी चालते हे नीट कळलं तर गोठ्यात कुठल्या दिवशी काय बघायचं आणि काय करायचं नाही, हे आपोआप लक्षात येतं.

हाताशी दिवस किती?

गाईचा गाभण काळ साधारण २८३ दिवसांचा. वर्षाला एक वासरू हवं असेल तर ३६५ मधून २८३ वजा करा. राहिले ८२ दिवस. एवढ्या दिवसांत गर्भाशय मूळ आकाराला यायचं, आतली घाण साफ व्हायची, माज सुरू व्हायचा आणि गाय भरून राहायची. म्हशीचं तर आणखी अवघड, कारण तिचा गाभण काळ ३१० दिवसांच्या आसपास असतो. म्हणजे उरले ५५ दिवस. म्हणून म्हशीकडून वर्षाला एक पारडू मिळावं ही अपेक्षा फारशी धरू नये. तेरा-चौदा महिन्यांवर आलं तरी चांगलं म्हणायचं.

एक माज हुकला की २१ दिवस गेले. तुमच्या गोठ्यात एका जनावराला दिवसाला चारा, पेंड, पाणी, मजुरी धरून किती खर्च येतो तो आकडा तुम्हालाच ठाऊक. त्याला २१ ने गुणा. तीन वेळा उलटली तर ६३ ने. भाकड गाय का परवडत नाही ते लगेच दिसेल.

व्याल्यानंतर आत काय चाललेलं असतं

व्याली त्या दिवशी गाईचं गर्भाशय नऊ-दहा किलोचं आणि लांबीला जवळपास एक मीटर असतं. महिनाभरात ते किलोभरावर येतं. इतक्या वेगाने आक्रसणारा दुसरा अवयव शरीरात शोधून सापडणार नाही. या काळात आतला जुना थर झडून जातो, रक्त आणि उरलेसुरले तुकडे बाहेर पडतात, खालून नवं अस्तर तयार होतं. व्याल्यावर दहा-पंधरा दिवस तांबूस-तपकिरी, वास नसलेला स्राव जातो तो याचाच. त्याला घाबरायचं कारण नाही.

व्यायच्या वेळी मार्ग उघडा असतो. शेण, माती, माणसाचा हात, शेपटी यांच्यातून जंतू आत जातात. पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक सगळ्याच गाईंच्या गर्भाशयात जंतू सापडतात. दहापैकी आठ-नऊ गाई तरी धराच. म्हणजे जंतू आत शिरले म्हणून गाय आजारी पडते असं नाही. शिरलेले जंतू वेळेत बाहेर काढता आले की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्या दिवसांत बहुधा ई. कोलाय हा शेणातला जंतू पुढे असतो. त्याने अस्तराची नासधूस केली की मागून ट्रुपेरेला पायोजिनीस नावाचा पू करणारा जंतू आणि हवेशिवाय वाढणारे इतर जंतू ठाण मांडतात.

पहारेकरी आणि त्यांच्या हाका

गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशींच्या अंगावर काही खास रेणू असतात. त्यांचं काम पहारेकऱ्याचं. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणात एक विषारी चरबीयुक्त पदार्थ असतो, त्याला एलपीएस म्हणतात. तो ओळखणाऱ्या पहारेकऱ्याचं नाव टोल-लाइक रिसेप्टर ४. हा पहारेकरी एलपीएस कसा ओळखतो हे ब्रूस ब्यूटलर यांच्या चमूने १९९८ मध्ये उंदरांमध्ये दाखवलं. पुढे २०११ मध्ये ब्यूटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना या क्षेत्रातल्या कामासाठी नोबेल मिळालं. गाईच्या गर्भाशयात हेच पहारेकरी कसं काम करतात, यावर वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठात मार्टिन शेल्डन यांच्या गटाने बरीच वर्षं काम केलं आहे.

पहारेकऱ्याला जंतू दिसला की पेशी हाका मारते. या हाका म्हणजे रक्तात आणि आजूबाजूला सोडलेले रासायनिक निरोप. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, टीएनएफ अशी त्यांची नावं. यातला इंटरल्यूकिन-८ आपल्यासाठी महत्त्वाचा, कारण त्याची हाक ऐकून रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गर्भाशयात धावतात. त्या जंतू गिळतात, मारतात आणि स्वतःही मरतात. आपण ज्याला पू म्हणतो तो बराचसा या मेलेल्या पेशींचाच असतो.

म्हणजे पहिल्या आठवड्यात आत सूज असणं हे वाईट लक्षण नाही. ती हवीच. अडचण दोनच प्रकारची असते. हाक उशिरा गेली किंवा धावून येणाऱ्या पेशी अशक्त निघाल्या, तर जंतू जिंकतात. आणि काम संपल्यावरही हाका थांबल्या नाहीत, तर सूज महिनोन्महिने धुमसत राहते. गोठ्यात दिसणाऱ्या बहुतेक तक्रारी या दोहोंपैकी एकात बसतात.

वार का अडकते?

बऱ्याच जणांना वाटतं वार, म्हणजे काही भागात जिला जार म्हणतात ती, ताकद कमी पडल्यामुळे अडकते. गर्भाशयाने कळा देऊन ती ढकलायला हवी आणि ढकलली नाही, असा समज. तो अर्धवट आहे.

वासरू आणि वार हे गाईच्या शरीराच्या दृष्टीने निम्मे परके. अर्धे गुण बापाचे. नऊ महिने गाईची प्रतिकारशक्ती त्यांच्याकडे मुद्दाम कानाडोळा करते. व्यायची वेळ आली की हा कानाडोळा संपतो. वार जिथे गर्भाशयाला बोंडांसारख्या गाठींनी चिकटलेली असते, तिथे पांढऱ्या पेशी येतात आणि तो चिकटा विरघळवायला मदत करतात. मग वार सुटते. नेदरलँड्समध्ये गुनिंक यांनी १९८४ मध्ये दाखवलं की वार अडकलेल्या गाईंच्या पांढऱ्या पेशी त्या गाठींच्या अर्काकडे नीट सरकत नाहीत. पुढे २००२ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स इथल्या सरकारी संशोधन केंद्रात किमुरा, गॉफ आणि सहकाऱ्यांना असं आढळलं, की ज्या गाईंची वार पुढे अडकली त्यांच्या न्यूट्रोफिल पेशी व्यायच्या आधीपासूनच मंद होत्या. त्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-८ सुद्धा कमी होतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. अडकलेली वार ही गाईची प्रतिकारशक्ती आधीच ढिली पडल्याची खूण आहे. अशा गाईला पुढे गर्भाशयाचा दाह होण्याची भीती जास्त असते, कारण जंतूंशी लढायला त्याच मंद पेशी जाणार असतात.

आता अशा वेळी आपण काय करतो? हात घालून वार ओढून काढतो. किंवा लोंबणाऱ्या वारेला चप्पल, दगड बांधतो, वजनाने ती खाली येईल म्हणून. दोन्ही गोष्टी नुकसानीच्या. वार ओढली की गाठी फाटतात, अस्तर सोललं जातं, तुकडे आतच राहतात आणि हाताबरोबर नवे जंतू आत जातात. वर आधीच थकलेल्या पांढऱ्या पेशींवर आणखी बोजा. वजन बांधल्याने अंग बाहेर पडण्याचाही धोका असतो. वार साधारण सहा-आठ तासांत पडते. बारा तास झाले तरी पडली नाही तर अडकली असं समजावं आणि डॉक्टरांना कळवावं. बाहेर फार लोंबत असेल तर ते खालून कापून देतील. गाय खात असेल, ताप नसेल, तर आठ-दहा दिवसांत ती सडून आपोआप सुटते. वास येतो, घरातले वैतागतात, शेजारी दहा उपाय सांगतात. पण ओढून काढण्यापेक्षा हे बरं. मात्र रोज ताप बघायचा. गाईने चारा सोडला, अंग तापलं, डोळे खोल गेले, पाण्यासारखा लालसर घाण वासाचा स्राव सुरू झाला, तर विष रक्तात चाललं आहे असं समजा. तेव्हा त्याच दिवशी उपचार हवा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

इथेच आणखी एक सांगून टाकतो. गाय व्याल्या व्याल्या "दुखत असेल बिचारीला" म्हणून मेडिकलमधून आणलेलं दुखण्याचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने टोचू नये. कॅनडातल्या गाईंवरच्या अभ्यासात फ्लुनिक्सिन हे औषध व्यायच्या वेळेला दिल्यावर वार अडकण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. वार सोडवायला लागणारी सूजच औषधाने दाबली तर असं होणं पटण्यासारखं आहे. डेक्सामिथासोनसारखी स्टेरॉइड तर पांढऱ्या पेशींना थेट लुळं पाडतात. आणि डायक्लोफिनॅक जनावरांसाठी वापरायला देशात २००६ पासून बंदीच आहे. ते गिधाडांमुळे, हा वेगळा विषय.

सूज गर्भाशयात, फटका बीजांडकोशाला

गर्भाशयाला सूज असली तर गर्भ तिथे टिकणार नाही, हे कुणालाही पटतं. पण गाय माजावरच का येत नाही, किंवा माज वेळेवर का बदलत नाही? कारण हाका फक्त गर्भाशयापुरत्या राहत नाहीत.

एलपीएस हे विष गर्भाशयातून बीजांडकोशापर्यंत पोचतं. गर्भाशयाचा दाह असलेल्या गाईंच्या बीजांडाच्या फुग्यातल्या पाण्यात ते सापडलं आहे. त्या फुग्याच्या भिंतीतल्या पेशींवरही तोच पहारेकरी, टोल-लाइक रिसेप्टर ४, असतो. तो तिथेही बोंब मारतो आणि त्या पेशी इस्ट्रोजेन कमी तयार करायला लागतात. गाईला माजावर आणणारं हार्मोन इस्ट्रोजेनच. शिवाय मेंदूकडून येणाऱ्या एलएच या हार्मोनचे ठोकेही आजारपणात मंदावतात. फुगा वाढतो, पण फुटत नाही.

दुसरा गोंधळ प्रोस्टाग्लँडिनचा. निरोगी गाईत गर्भ राहिला नसेल तर गर्भाशय सोळा-सतराव्या दिवसानंतर प्रोस्टाग्लँडिन एफ-टू-अल्फा सोडतं. त्याने बीजांडकोशावरची पीतग्रंथी विरघळते आणि गाय पुन्हा माजावर येते. जंतूंच्या विषामुळे अस्तराच्या पेशी या एफ ऐवजी ई प्रकारचं प्रोस्टाग्लँडिन जास्त करायला लागतात. ई प्रकार पीतग्रंथी विरघळवत नाही, उलट तिला टिकवायला मदत करतो. पीतग्रंथी टिकली की तिच्यातलं प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचं तोंड बंद ठेवतं आणि आतली प्रतिकारशक्तीही मवाळ करतं. पू आतच साठतो. बाहेरून गाय शांत, माज नाही, मालक खुश की "राहिली बहुतेक". तीन महिन्यांनी तपासलं तर गर्भाऐवजी पू. असं झालेली गाय प्रत्येक तालुक्यातल्या पशुवैद्यकाने पाहिलेली असते.

यावरून एक कामाची गोष्ट कळते. प्रत्येक माज म्हणजे गर्भाशयाची धुलाई आहे. माजात तोंड उघडतं, सोट वाहतो, गर्भाशय आवळतं आणि पांढऱ्या पेशी जोमात असतात. म्हणून व्याल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आलेला पहिला माज भरवायचा नसला तरी वहीत लिहून ठेवायचा. लवकर माजावर येऊन गेलेली गाय बहुधा आतून साफ होत असते.

बीजांडाचंही एक दुखणं आहे. आज माजात जे बीजांड सुटणार ते काल-परवा तयार झालेलं नसतं. त्याची वाढ कित्येक आठवडे आधी सुरू झालेली असते. व्याल्यानंतर उपाशीपोटी, तापाच्या दिवसांत जे बीजांड वाढीला लागलं, ते दोन-अडीच महिन्यांनी सुटतं आणि कच्चं निघतं, असा विचार अमेरिकेतले जॅक ब्रिट यांनी १९९२ मध्ये मांडला. तेव्हापासून त्यावर खूप काम झालं आहे. म्हणून आजार बरा झाला, गाय खायला लागली, स्राव थांबला, तरी पहिलं-दुसरं रेतन वाया जाऊ शकतं. तेवढ्यावरून गाय वांझ ठरवू नये.

गर्भाचा निरोप

आता गाय भरली, बीज फळलं असं धरू. चांगल्या रेतनात दहापैकी साधारण नऊ वेळा बीज फळतं. तरी गाई निम्म्याच राहतात. मधले गर्भ जातात कुठे? बहुतेक पहिल्या तीन आठवड्यांतच मरतात, मालकाला कळायच्या आत.

रेतनानंतर चार-पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात उतरतो. चौदा-पंधरा दिवसांचा झाला की दोऱ्यासारखा लांब व्हायला लागतो आणि एक पदार्थ सोडतो, इंटरफेरॉन टाऊ. इंटरफेरॉन हे खरं तर विषाणूंविरुद्ध शरीर जे निरोप सोडतं त्या घराण्यातलं. १९८७ मध्ये मेंढीच्या गर्भावर काम करताना अमेरिकेतल्या संशोधकांच्या लक्षात आलं की गर्भाने सोडलेलं हे प्रथिन इंटरफेरॉनच आहे. म्हणजे गर्भ आईशी बोलतो तो प्रतिकारशक्तीच्याच भाषेत. "मी आलोय, पीतग्रंथी विरघळवू नको," एवढाच निरोप. तो सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत पुरेशा जोराने पोचला नाही, तर गर्भाशय एफ-टू-अल्फा सोडतं आणि एकविसाव्या दिवशी गाय उलटते.

जिथे जुनी सूज धुमसते आहे, तिथे आधीच निरोपांचा कोलाहल असतो. गर्भ नीट वाढत नाही, लांबत नाही, त्याची हाक क्षीण पडते. बाहेरून बघायला गेलं तर ना पू, ना वास, सोट काचेसारखा स्वच्छ. तरी अस्तरात न्यूट्रोफिल भरलेले. याला लपलेला गर्भाशयदाह म्हणतात. "सगळं नॉर्मल आहे तरी उलटते" अशा गाईंमध्ये हा बऱ्याच वेळा निघतो. आपल्याकडे यासाठी एक साधी तपासणी आहे, व्हाइट साइड टेस्ट. माजातला सोट कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणाबरोबर नळीत उकळतात. रंग पिवळा आला तर आत पांढऱ्या पेशी जास्त आहेत असं समजतात. खर्च नगण्य. दुसऱ्यांदा उलटलेल्या गाईची ही तपासणी करून द्या, असं डॉक्टरांना आवर्जून म्हणा.

वासरू पाजणाऱ्या गाई

वर सांगितलेलं बरंचसं संशोधन जास्त दूध देणाऱ्या संकरित आणि विदेशी गाईंवरचं आहे. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया इथे मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गाईंचे मोठे कळप असतात. ब्राझीलची नेलोर जात तर आंध्रातल्या ओंगोल गाईंपासून तयार झालेली. या गाईंचं दूध काढत नाहीत, वासरू दिवसभर आईजवळ असतं, चरणं कुरणावर. आपल्याकडे गाय त्यासाठी पाळत नाहीत. पण माणदेशातली खिलार, अकोले-इगतपुरीकडची डांगी, वर्ध्याकडची गौळाऊ किंवा नांदेडची लाल कंधारी बघा. दूध बेताचं, वासरू अंगावर, चरायला बाहेर. शरीराचं गणित या गाईंशी जास्त जुळतं, होल्स्टीनशी कमी.

अशा गाईंत गर्भाशयाचे आजार दुधाळ गाईंपेक्षा कमी आढळतात. दुधाचा ताण कमी, गोठ्यातली घाण कमी. त्यांची अडचण वेगळी आहे, त्या माजावरच उशिरा येतात. कारण दोन, वासरू आणि पोट. स्वतःचं वासरू सतत अंगाला लुचत असलं की मेंदूतून एलएचचे ठोके दबतात. यात नुसत्या सडाच्या चोखण्याला फार महत्त्व नाही. टेक्सासमधल्या प्रयोगांत दिसलं की परकं वासरू प्यायलं तर तेवढा परिणाम होत नाही. आई आपलं वासरू नजरेने आणि वासाने ओळखते, त्या नात्याचाच तो परिणाम. म्हणून महिन्याभरानंतर वासराला दिवसभर मोकळं न सोडता सकाळ-संध्याकाळ पाजायचं आणि मधल्या वेळेत आईच्या नजरेआड बांधायचं, याने माज लवकर येतो. वासराची उपासमार करायची नाही, हे वेगळं सांगायला नको. त्याला कोवळा चारा आणि भरडा सुरू करायचा.

एक लक्षात ठेवा. अशा गाईचा पहिला माज बऱ्याचदा मुका असतो आणि त्यानंतरचं चक्र आखूड, आठ-दहा दिवसांचं. दहा दिवसांत परत माज दिसला तर "काहीतरी बिघडलं" म्हणून घाबरू नका. पुढचं चक्र बहुधा नीट येतं.

पोटातून येणारी ताकद

पांढऱ्या पेशींना लढायला ग्लुकोज लागतं. व्याल्यानंतर दूध वाढतं, खाणं मात्र त्या वेगाने वाढत नाही. मग गाय अंगावरची चरबी वितळवते आणि तुटलेल्या चरबीतून जे पदार्थ रक्तात येतात ते पांढऱ्या पेशींना सुस्त करतात. फार लठ्ठ गाय व्याली तर ती खातच कमी आणि वितळवते जास्त. फार रोड गाय व्याली तर वितळवायला काहीच नाही आणि माज लांबतो. आटवताना जी अंगकाठी असेल तीच व्यायच्या वेळी असावी. फासळ्या लांबून मोजता येत असतील तर ती गाय रोडच समजा आणि शेवटच्या दोन महिन्यांत खुराक वाढवा. व्याल्यावर वाढवलेला खुराक दुधात जातो, अंगाला उशिरा लागतो.

कॅल्शियमचं तसंच. पेशीला हाक ऐकू आल्यावर आत जो निरोप फिरतो, त्यासाठी कॅल्शियम लागतं. चीक तयार होताना रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने ओढलं जातं. गाय बसली तर आपल्याला कळतं, पण न बसता नुसती पातळी उतरलेल्या गाई पुष्कळ. फ्लोरिडातल्या २०१२ च्या अभ्यासात अशा गाईंना गर्भाशयाचा दाह जास्त झाला. यावर उपाय म्हणून व्यायच्या आधी कॅल्शियमच्या बाटल्या पाजणं मात्र उलट पडतं. बाहेरून आयतं मिळालं की हाडातून कॅल्शियम काढायची सवय लागत नाही आणि ऐन वेळी पातळी कोसळते. बाटली पाजायची तर व्याल्यानंतर, डॉक्टरांना विचारून.

सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व पांढऱ्या पेशींना स्वतःच्याच विषापासून वाचवतात. जिथे यांची कमतरता आहे तिथे व्यायच्या आधी ते दिल्याने वार अडकणं कमी होतं, हे १९७० आणि १९८० च्या दशकातल्या अमेरिकी प्रयोगांत दिसलं. हिरव्या चाऱ्यात ई जीवनसत्त्व भरपूर असतं, वाळल्या कडब्यात जवळजवळ उरत नाही. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर काढलेल्या गाईची वार अडकली तर त्यात नवल नाही. सेलेनियम जास्त झालं तर विषारी, म्हणून अंदाजाने इंजेक्शन नको.

कधी काय बघायचं

व्यायची जागा कोरडी, राख किंवा भुसा टाकलेली असावी. हात घालायची वेळ आलीच तर डॉक्टरांनी, हातमोजा घालून. पहिले दहा दिवस रोज सकाळी गाईचा ताप आणि चारा बघा. साधा थर्मामीटर गुदद्वारात मिनिटभर धरला की झालं. १०३ फॅरनहाइटच्या वर गेला आणि स्राव घाण वासाचा असेल तर फोन करा. अँटिबायोटिक दिलं तर कोर्स पूर्ण करा आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका.

तीन आठवड्यांनंतर स्राव बंद झालेला हवा. शेपटीला, बसल्या जागेवर पांढरा पू दिसला तर गर्भाशयदाह समजा. पू दिसला नाही तरी तीस-पस्तीस दिवसांनी एकदा तपासणी करून घ्या. हा दिवस बहुतेक जण चुकवतात आणि थेट तिसऱ्या महिन्यात "माजावर येत नाही" म्हणून डॉक्टरांकडे जातात. पीतग्रंथी असेल आणि आत घाण असेल तर डॉक्टर प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात. गाय माजावर येते आणि धुलाई होते. गाभण गाईला चुकून दिलं तर ती गाभडते, म्हणून तपासल्याशिवाय नाही. हे औषध कातडीतूनही शिरतं, गरोदर बाईने आणि दम्याच्या माणसाने त्या सिरिंजला हात लावू नये. गर्भाशयात औषध सोडणं हेही तपासणीनंतरच. प्रत्येक उलटणाऱ्या गाईला सरसकट "धुवून" घेण्यात अर्थ नाही, निरोगी अस्तर उगाच चिडतं.

स्वच्छ तपासणी झालेली गाय साठ दिवसांच्या पुढे येणाऱ्या माजाला भरवा. आजारी पडून बरी झालेली असेल तर आणखी एक माज सोडलेला बरा.

गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडली आणि वार अडकली, तर सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलाचा संशय धरा. हा रोग माणसाला होतो. अंगदुखी आणि चढउतार होणारा ताप महिनोन्महिने सुटत नाही. ती वार उघड्या हाताने धरू नका, कुत्र्यांना खाऊ देऊ नका, चुना टाकून खोल पुरा आणि रक्त तपासायला द्या. कालवडी आणि पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच लस द्यायची असते. नरांना ती देत नाहीत.

दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येतं. फोन लावताना कधी व्याली, वार किती तासांनी पडली, ताप किती, स्रावाचा रंग आणि वास कसा, शेवटचा माज कधी, एवढं हाताशी ठेवा.